साहेबांना खरं कोण सांगणार? राष्ट्राध्यक्षाच्या फेरनिवडणुकीचा प्रचार, आतून

वाचकांचा प्रश्न असा आहे: अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा उभा राहतो तेव्हा सत्ता, पैसा, विमान, कॅमेरे सगळंच त्याच्या बाजूला असतं. मग त्याचा प्रचार चालवण्यात अवघड काय आहे? आणि ग्रीन कार्डवर किंवा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आमच्यासारख्यांना त्यात काही करता येतं का?

आधी हिशेब मांडू. दुसऱ्या महायुद्धानंतर पदावर असताना निवडणूक जिंकलेले राष्ट्राध्यक्ष आठ: ट्रुमन, आयझेनहॉवर, जॉन्सन, निक्सन, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा. हरलेले चार: १९७६ ला फोर्ड, १९८० ला कार्टर, १९९२ ला थोरले बुश, २०२० ला ट्रम्प. पण तीन नावं या यादीत धरलीच जात नाहीत. १९५२ मध्ये ट्रुमन, १९६८ मध्ये जॉन्सन आणि २०२४ मध्ये बायडन यांनी निवडणुकीच्या वर्षातच माघार घेतली. ती धरली की आठास सात होतात. सत्तेचा फायदा खरा आहे, पण लांबून दिसतो तेवढा मोठा नाही.

मी ओहायो आणि पेन्सिल्व्हेनियात फील्डचं काम केलं आहे, म्हणजे स्वयंसेवक उभे करणं, दारोदार जाणं, मतदाराला केंद्रापर्यंत आणणं. ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूनं केलं, २०१२ च्या ओबामांच्या फेरनिवडणुकीपासून. माझा कल कुठे आहे हे त्यामुळे आधीच सांगून ठेवते. उदाहरणं मात्र दोन्ही पक्षांची देते, कारण पुढे सांगते तो आजार दोन्हीकडे सारखाच आहे.

माझ्या मते सगळ्यात अवघड काम एकच: बाहेर लोक काय बोलताहेत ते उमेदवारापर्यंत वेळेत आणि जसंच्या तसं पोहोचवणं. आव्हान देणारा उमेदवार वर्षभर प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मार खात असतो. आयोवाच्या हॉटेलात त्याला तोंडावर प्रश्न विचारले जातात, पत्रकार टोचतात, स्वतःच्याच पक्षाचे लोक पाडायला टपलेले असतात. राष्ट्राध्यक्षाभोवती चार वर्षं उठून उभी राहणारी माणसं असतात. खोलीत तो शिरला की बोलणं थांबतं. वाईट बातमी खालून वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडी मऊ होते, आणि वर पोहोचेपर्यंत तिच्यात काही उरत नाही.

१९९२ घ्या. आखाती युद्धानंतर, १९९१ च्या सुरुवातीला गॅलपच्या पाहणीत थोरल्या बुश यांच्या कामाला ८९ टक्के लोकांची पसंती होती. इतका आकडा पाहिल्यावर घाई कोण करणार? डेमोक्रॅटिक पक्षातले बडे नेतेसुद्धा उभे राहायला कचरत होते. त्याच वसंतात बुश यांचे निवडणुकीतले सगळ्यात तिखट डोकं, ली अ‍ॅटवॉटर, आजारपणात गेले आणि ती जागा खऱ्या अर्थानं भरलीच नाही. पुढच्या फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत पॅट बुकॅनन या टीव्हीवरच्या भाष्यकारानं ३७ टक्के मतं घेतली. नवे कर लावणार नाही, असं १९८८ मध्ये ठासून सांगून १९९० मध्ये करवाढीला संमती दिल्याचा राग त्या मतांत होता. तरी जेम्स बेकर यांना परराष्ट्र खात्यातून काढून प्रचार सावरायला आणलं गेलं ते थेट ऑगस्टमध्ये. तोवर पसंती तिशीच्या खाली गेली होती. नोव्हेंबरमध्ये बुश यांना साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांनी जवळपास १९ टक्के नेली.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मी नव्या कार्यकर्त्यांना नेहमी सांगते. मंदी तेव्हा कागदोपत्री संपलेली होती, मार्च १९९१ मध्येच. पण ती संपल्याचं अर्थतज्ज्ञांच्या अधिकृत समितीनं जाहीर केलं डिसेंबर १९९२ मध्ये, निवडणूक होऊन गेल्यावर. व्हाइट हाउसमधले लोक अर्थव्यवस्था सावरतेय असं सांगत होते आणि ते चूक नव्हते. फक्त लोकांना ते जाणवत नव्हतं, आणि मत लोकांनी द्यायचं होतं.

बेरोजगारीचा आकडा इथे फार शिकवून जातो. रेगन १९८४ मध्ये ४९ राज्यं जिंकले तेव्हा बेरोजगारी सव्वासात ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान होती. बुश १९९२ मध्ये हरले तेव्हाही तेवढीच होती. ओबामा २०१२ मध्ये जिंकले तेव्हा तर ती आठच्या जवळ होती. फरक दिशेचा होता. रेगन यांच्या काळात १९८२ च्या अखेरीस ती १०.८ वर जाऊन उतरली होती, ओबामांच्या काळात २००९ मध्ये १० वर जाऊन उतरली होती. बुश यांनी पद घेतलं तेव्हा ती साडेपाचच्याही खाली होती, म्हणजे लोकांनी ती चढताना पाहिली. त्यामुळे कुणी म्हणालं, ‘आकडा आठच्या वर गेला की संपलं,’ तर मी त्याला दोन वर्षांपूर्वीचा आकडा विचारते.

महागाईचं गणित याहून कठीण, कारण दर खाली आला तरी भाव खाली येत नाहीत. जून २०२२ मध्ये वार्षिक महागाई ९.१ टक्क्यांवर होती. पुढे ती बरीच उतरली, बेरोजगारीही चार टक्क्यांच्या आसपास राहिली, आणि बायडन यांच्या लोकांनी २०२३ च्या उन्हाळ्यात अर्थव्यवस्थेच्या यशाला खुद्द राष्ट्राध्यक्षांचंच नाव देऊन ते मिरवायला सुरुवात केली. दारावर उभं राहून मला हे नीट कळलेलं आहे की किराणा सामानाच्या बिलाशी वाद घालता येत नाही. अंड्यांचा डबा कितीला मिळतो हे दार उघडणाऱ्या बाईंना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. महागाई कमी झालीय असं मी म्हटलं की मी खोटं बोलतेय असं तिला वाटणार, आणि त्यानंतरचं माझं एकही वाक्य ती ऐकणार नाही. आधी तिचं बिल मान्य करायचं, मगच दुसऱ्या उमेदवाराबद्दल बोलायचं. हा साधा क्रम वरच्या मंडळींना पटवताना घाम निघतो, कारण वर बसलेल्यांना आपल्या कामाचं श्रेय हवं असतं. ते मानवी आहे. पण श्रेय मागणाऱ्याला मत मिळतंच असं नाही.

वादचर्चेत, म्हणजे डिबेटमध्ये, हा बहिरेपणा सगळ्या देशासमोर उघडा पडतो. पहिल्या डिबेटची यादी पाहा. ऑक्टोबर १९८४, लुइव्हिल: रेगन अडखळले, विस्कळीत वाटले, आणि वयाचा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. सप्टेंबर २००४, मायामीजवळ कोरल गेबल्स: धाकटे बुश चिडचिडे दिसले. ३ ऑक्टोबर २०१२, डेन्व्हर: ओबामा खाली मान घालून टिपणं काढत बसले आणि रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी मंच व्यापून राहिले. २७ जून २०२४, अटलांटा: बायडन अडखळत, हरवल्यासारखे बोलले; जास्त सांगायला नकोच. चार वर्षं समोरासमोर कुणी खोडून काढलेलं नसलं की माणसाचा तो सरावच जातो. शिवाय राष्ट्राध्यक्ष तयारीला कंटाळतो, कारण विषय मला रोजचेच आहेत असं त्याला वाटतं.

डेन्व्हरच्या दुसऱ्या दिवशी ओहायोतल्या आमच्या ऑफिसांत स्वयंसेवक चिडलेले होते, काही रडवेले होते. फोन करायला बसलेल्यांना मतदारच विचारत होते, साहेबांना काय झालं होतं? सावरता आलं, कारण वरच्या लोकांनी पुढच्या तयारीत ओबामांना स्पष्ट सांगितलं की हे चालणार नाही. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला जाऊन पुन्हा सराव झाला, आणि १६ ऑक्टोबरला हेम्पस्टेडमधल्या दुसऱ्या डिबेटमध्ये वेगळाच माणूस उभा होता. रेगन यांनीही दुसऱ्या डिबेटमध्ये वयावरच एक हलकी कोटी करून तो विषय संपवला होता. दुसरी संधी असते म्हणून पहिली चूक पचते. २०२४ मध्ये बायडन यांच्याच लोकांनी मागून घेतलेली डिबेट पक्षाच्या अधिवेशनाच्याही आधी, जूनमध्ये झाली. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली.

इथे प्रायमरीचा मुद्दा येतो, आणि त्यावर माझं मत बहुतेक सहकाऱ्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. रूढ समज असा की पक्षात आव्हान उभं राहिलं की राष्ट्राध्यक्ष गेला. इतिहास त्या बाजूनं बोलतो: १९७६ मध्ये फोर्ड यांच्याविरुद्ध रेगन, १९८० मध्ये कार्टर यांच्याविरुद्ध टेड केनेडी, १९९२ मध्ये बुकॅनन. केनेडींनी तर न्यूयॉर्कच्या अधिवेशनापर्यंत लढा ओढला. म्हणून प्रचाराचं पहिलं वर्ष पक्षातल्या कुणालाही उभं राहू न देण्यात जातं. राज्याराज्यांतल्या नेत्यांना फोन, देणगीदारांना आमंत्रणं, प्रायमरीचा क्रम आपल्याला सोयीचा करून घेणं, हे सगळं त्यात येतं. ते करावंच लागतं. पण ज्या पक्षात जुनं दुखणं साचलेलं असतं तिथेच आव्हान उभं राहतं. आव्हान दाबलं म्हणून दुखणं जात नाही. २०२४ मध्ये प्रायमरी जवळपास बिनविरोध झाली, कसोटी लागलीच नाही, आणि जे फेब्रुवारीत कळायला हवं होतं ते जूनच्या अखेरीस कळलं. कुणी उभं राहिलेलं नसेल तर प्रचारानं स्वतःच कसोटी लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं: उमेदवाराला गावोगावच्या टाउन हॉलमध्ये उभं करावं, प्रश्न आधी न मागता.

पण उभं करायचं तर उमेदवार मिळायला हवा. राष्ट्राध्यक्षाच्या वेळेवर प्रचाराचा हक्क दुसरा असतो, पहिला त्याच्या पदाचा. २०१२ च्या ऑक्टोबरअखेरीस सँडी वादळ आलं. ओबामा प्रचारसभेसाठी ऑरलँडोला पोहोचले होते. सभा न घेताच वॉशिंग्टनला परतले आणि तिथलं भाषण बिल क्लिंटन यांनी केलं. मतदानाला जेमतेम आठवडा उरलेला असताना तीन दिवस आमच्याकडे उमेदवार नव्हता. तो परत गेला हे बरोबरच होतं, आणि न्यू जर्सीत रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांच्याबरोबर तो दिसला याचा फायदाही झाला. पण असं काही ठरवून होत नसतं. कार्टर यांचं उलट झालं. तेहरानमध्ये ५२ अमेरिकन ओलीस होते, म्हणून ते महिनोन्‌महिने व्हाइट हाउसमध्येच थांबले. सुरुवातीला लोक पाठीशी उभे राहिले, नंतर तीच गोष्ट हतबलता वाटू लागली. मतदानाचा दिवस, ४ नोव्हेंबर १९८०, ओलीस धरल्याला बरोबर वर्ष पूर्ण होण्याचा दिवस होता. रात्री टीव्हीवर वर्षपूर्तीच्या बातम्या होत्या. यावर कुठल्याही प्रचारप्रमुखाकडे उपाय नसतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. आपल्याकडे निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते आणि सरकारच्या घोषणा थांबतात. अमेरिकेत तसं काही नाही. राष्ट्राध्यक्ष शेवटच्या दिवसापर्यंत निर्णय जाहीर करू शकतो. त्याऐवजी १९३९ चा हॅच कायदा आहे. त्यानुसार बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत, सरकारी इमारतीत किंवा सरकारी फोन-कॉम्प्युटरवर प्रचार करता येत नाही. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यातून सुटतात. त्यामुळे ‘साहेब’ प्रचार करतात आणि त्यांच्याबरोबर चालणारी कित्येक माणसं करू शकत नाहीत, अशी रोजची कसरत होते. एकाच दिवशी पुलाचं उद्‌घाटन आणि संध्याकाळी देणगीदारांचं जेवण असेल तर विमानप्रवासाचा कुठला वाटा प्रचारानं भरायचा हे वकील ठरवतात. तो वाटा ठरावीक दरानं भरला जातो; विमान आणि सुरक्षेचा बराचसा खरा खर्च सरकारच सोसतं. २०२० मध्ये ट्रम्प यांनी उमेदवारी स्वीकारण्याचं भाषण व्हाइट हाउसच्या हिरवळीवर केलं, तेव्हा याच रेषेवरून मोठा वाद झाला. ओबामांचं मुख्यालय शिकागोत ठेवण्यामागे एक विचार असा होता की वॉशिंग्टनच्या कुजबुजीपासून अंतर राहावं. अंतराचा तोटाही होतो: व्हाइट हाउस आणि मुख्यालय असे दोन गट पडतात आणि शेवटचा शब्द कुणाचा हे महिनोन्‌महिने ठरत नाही.

पैशाबद्दल लोक रक्कम विचारतात. मी तारीख विचारते. अमेरिकेत देणगीची मर्यादा प्रत्येक निवडणुकीला वेगळी असते, आणि प्रायमरी ही वेगळी निवडणूक धरतात. मुख्य निवडणुकीसाठी घेतलेले पैसे अधिकृत उमेदवारी मिळेपर्यंत खर्च करता येत नाहीत. २०१२ मध्ये ही मर्यादा माणशी २,५०० डॉलर होती. रॉम्नी प्रायमरीतून रिकाम्या खिशानं बाहेर पडले. मुख्य निवडणुकीचे पैसे तिजोरीत होते, पण ऑगस्टअखेरच्या टँपा अधिवेशनापर्यंत त्यांना हात लावता येत नव्हता. त्यांना २ कोटी डॉलरचं कर्ज काढावं लागलं. ओबामांना प्रायमरीत टक्कर नव्हतीच. त्यांच्या प्रचारानं शरद ऋतूसाठी राखलेला जाहिरातींचा मोठा भाग उन्हाळ्यातच खर्च करायचा जुगार खेळला, आणि रॉम्नी म्हणजे कारखाने विकत घेऊन माणसं काढणारा गुंतवणूकदार, हे चित्र ओहायोत पक्कं करून टाकलं. मोटार उद्योगाला सरकारनं वाचवलं होतं, त्यामुळे मोटारींचे कारखाने असलेल्या टोलीडोसारख्या शहरात ते चित्र अलगद बसलं. अशा वेळी मतदार राष्ट्राध्यक्षाच्या कामावर समाधानी आहे का, हा प्रश्न मागे पडतो आणि या दोघांपैकी कोण, हा प्रश्न पुढे येतो. नाखूश मतदारांच्या जोरावर जिंकण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

जाहिरातींच्या दरातही एक मेख आहे. मुख्य निवडणुकीच्या आधीच्या ६० दिवसांत टीव्ही केंद्रांना उमेदवाराला त्या वेळेचा सगळ्यात कमी दर द्यावा लागतो. सुपर पॅकना, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्र राहून अमर्याद पैसे गोळा करणाऱ्या गटांना, ही सवलत नसते. म्हणून सुपर पॅककडचा डॉलर आणि उमेदवाराच्या खात्यातला डॉलर सारखे नसतात. मोठ्या देणगीदारांच्या भरवशावर राहणाऱ्या प्रचाराला हे ऑक्टोबरमध्ये कळतं.

आता माझं क्षेत्र. पहिल्या निवडणुकीत स्वयंसेवक आपणहून येतात. दुसऱ्या वेळी त्यांना शोधून आणावं लागतं. २००८ मध्ये रात्री अकरापर्यंत फोन करणारी मुलं २०१२ मध्ये नोकरीत, कर्जात, लहान बाळांत अडकलेली होती, आणि काही जण नाराज होती. कुणाचं घर जप्तीत गेलं होतं, कुणाला ओबामांनी बंद करतो म्हटलेला ग्वांटानामोचा तुरुंग अजून चालू असल्याचा राग होता. आम्ही पहिले कित्येक महिने मतदारांकडे फारसे गेलोच नाही. जुन्या स्वयंसेवकांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचं ऐकलं. मुख्यालयाला या काळात आकडे हवे असतात: किती दारं, किती फोन. ऐकण्याचा आकडा होत नाही, म्हणून ते काम कागदावर दिसत नाही, आणि म्हणूनच ते पहिल्यांदा कापलं जातं. पण या बैठकांतूनच नंतर एकेका गल्लीची जबाबदारी घेणारी माणसं मिळाली. त्या वर्षी ओहायोत मतदानाआधीच्या शेवटच्या तीन दिवसांचं लवकर मतदान सरसकट खुलं राहावं म्हणून प्रचाराला न्यायालयात जावं लागलं, आणि ऑक्टोबरमध्ये निकाल बाजूनं लागला. त्या तीन दिवसांत चर्चमधून थेट केंद्रांवर बस न्यायला माणसं तयार होती, ती वर्षभर आधी केलेल्या त्या ऐकण्यामुळे. ओहायो तीन टक्क्यांच्या आसपास फरकानं आलं.

दारावर काय ऐकलं ते वर कसं जातं, यावर मी अजूनही भांडते. मतदार याद्यांच्या प्रणालीत ‘पाठिंबा १ ते ५’ एवढंच भरता येतं. एखादी व्यक्ती ‘२’ आहे, पण ती पाच मिनिटं साहेबांच्या वयाबद्दल बोलली, हे त्या खान्यात मावत नाही. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक जिल्ह्यातून पाच वाक्यं, मतदाराच्या तोंडची, जशीच्या तशी, थेट प्रचारप्रमुखाकडे गेली पाहिजेत. मधल्या कुणी ती नीटनेटकी करू नयेत. हे एवढं करणारे प्रचार मी फार थोडे पाहिले.

शेवटी तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ग्रीन कार्ड असेल तर देणगी देता येते, पगारावर काम करता येतं, प्रचाराच्या निर्णयांत भाग घेता येतो. फक्त मत देता येत नाही. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर देणगी अजिबात नाही, एक डॉलरसुद्धा नाही. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून फोन करणं, दारोदार जाणं चालतं, मात्र पैसे कुठे खर्चायचे अशा निर्णयांत बसू नका. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावानं दुसऱ्याचे पैसे देणं हा गुन्हा आहे. आपल्या डॉक्टर मंडळींनी विशेष लक्ष द्यावं: प्रॅक्टिस कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेली असेल तर तिच्या खात्यावरचा चेक उमेदवाराला चालत नाही, वैयक्तिक खात्यावरूनच द्या. इथली बहुतेक मराठी मंडळं करमुक्त संस्था म्हणून नोंदलेली असतात, त्यामुळे गणेशोत्सवाच्या मंचावरून कुणा उमेदवाराला पाठिंबा जाहीर करू नका. मतदार नोंदणीचं पक्षनिरपेक्ष टेबल मात्र बिनधास्त लावा. न्यू जर्सीत राहत असाल तर शनिवारी नदी ओलांडून पेन्सिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत जा; पेन्सिल्व्हेनियात लढत अटीतटीची असते, म्हणून तिथल्या एका दाराचं वजन न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या दारापेक्षा कितीतरी जास्त आहे. बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प २०२८ मध्ये पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत, म्हणून फेरनिवडणुकीचं काम शिकायचं असेल तर सध्या गव्हर्नर आणि सिनेटर यांच्या प्रचारात शिरा. तिथे टीम लहान असते आणि तुम्ही दारावर ऐकलेलं वाक्य दोन पायऱ्यांत उमेदवारापर्यंत जाऊ शकतं.